दोन सातारे आणि एक सातबारा

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. कराड, सातारा, सांगली मिळून बाराजण. डोक्यावर खाकी टोप्या, गळ्यात दुर्बिणी, आणि मागं मोठी पाटी, 'सातारा'. खाली एकानं लिहिलं होतं, 'साताऱ्याचे वाघ साताऱ्यात!' आफ्रिकेत वाघ नसतो हे त्यांना तिथल्या गाइडनं सांगितलं असेलच.

फोटो खरा होता. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात सातारा नावाचा मुक्कामाचा तळ आहे आणि सिंह बघायला येणाऱ्यांत तो प्रसिद्ध आहे. बाराजणांत दोन डॉक्टर, एक हळदीचा व्यापारी, तिघे द्राक्षबागायतदार आणि आपल्यातले दोघे होते, एक फळांचा अडत्या आणि एक बिल्डर. माणशी तीन-साडेतीन लाख खर्च आला म्हणतात. पैसा त्यांचा, घाम त्यांचा. मला त्यावर बोलायचं नाही. पण फोटोपाठोपाठ मेसेज आला, "आपल्याकडं असलं काय आहे बघायला?" त्यावर अंगठ्यांची रांग लागली. या एका वाक्यासाठी हा लेख लिहितोय.

आधी त्या पाटीबद्दल. क्रूगरमधल्या सातारा तळाच्या नावाची अशी गोष्ट सांगतात, की शेतीच्या जमिनी पाडण्यासाठी मोजणी चालली होती तेव्हा मोजणीदाराच्या हाताखाली एक हिंदी माणूस होता. सतरा नंबरच्या तुकड्यावर त्यानं आपल्या भाषेत 'सतरा' म्हटलं, त्याचं 'सातारा' झालं. तिथली माहितीपुस्तकं हा शब्द हिंदी असल्याचं सांगतात. आता हिंदीत 'सत्रह' म्हणतात, गुजरातीत 'सत्तर', आणि 'सतरा' म्हणतो तो मराठी माणूस. हा माझा अंदाज झाला, त्याला पुरावा नाही. पण गंमत पुढं आहे. आपल्या साताऱ्याच्या नावाबद्दल इंग्रजांच्या गॅझेटियरनंही हेच लिहून ठेवलंय, की किल्ल्याचे तट, बुरूज आणि दरवाजे मिळून सतरा, म्हणून सातारा. म्हणजे दोन्ही सातारे सतरा या आकड्यावरून निघालेले. आणखीही एका बाबतीत ते सारखे आहेत. ते त्या बाराजणांना कुणी सांगितलं नसावं.

मी स्वतः २०१९ साली तिथं जाऊन आलोय, हे आधी कबूल करतो, नाहीतर कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायला तुम्ही मोकळे. माझी सासुरवाडी माणगावकडची, कोकणी. त्या भागातली, विशेषतः मोर्ब्याची माणसं शंभराहून अधिक वर्षं केपटाउनला जाऊन राहिली आहेत. बायकोची खाला आणि खालू तिकडचेच. खालूंनी बोलावलं, विमानाचं अर्धं तिकीट काढलं, म्हणून एका शिक्षकाच्या पगारात ते जमलं.

क्रूगर अफाट आहे. जवळजवळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आत ठेवले तरी जागा उरेल. साताऱ्याचा तळ म्हणजे गवती छपराच्या गोल झोपड्या, भोवती कुंपण, सूर्य मावळला की फाटक बंद. सकाळी निघालो आणि तासाभरात रस्त्याच्या कडेला सिंहीण आणि तिचे तीन छावे दिसले. गाडीतून उतरायचं नाही, काच खाली करायची नाही. मी श्वास रोखून बघत बसलो होतो. सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू? 'बिग फाइव्ह' म्हणून ज्यांची यादी सगळे पाठ करतात त्यातले चार आम्हाला दिसले. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि धोक्याची जनावरं कोणती, तर हत्ती, गेंडा, सिंह, बिबट्या, रानरेडा. बंदूक जाऊन कॅमेरा आला, यादी तीच राहिली.

खालू मात्र सिंहाकडं फारसं बघत नव्हते. ७८ वर्षांचे गृहस्थ. संध्याकाळी झोपडीच्या पायरीवर चहा घेताना म्हणाले, "माझ्या तरुणपणी या तळावर मला तुझ्यासारखं बसता आलं नसतं." वर्णभेदाच्या काळात ही उद्यानं गोऱ्यांची होती. काळ्यांना आणि हिंद्यांना वेगळी, तोकडी सोय. खालूंचं घर केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत होतं. १९६६ साली सरकारनं ती वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसं तिथून उठवून शहराबाहेरच्या माळावर नेऊन टाकली. घरांवर बुलडोझर फिरले. मशिदी आणि चर्चं तेवढी उभी राहिली. खालू अजून जुम्म्याला तिथल्या मशिदीत जातात. भोवती ज्यांची घरं होती ती माणसं दूरदूरच्या वस्त्यांतून येतात, नमाज पढतात, एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात आणि परत जातात.

म्हणून त्यांना या उद्यानात दुसरंच दिसत होतं. क्रूगरच्या मुख्य तळाचं नाव स्कुकुझा. हे नाव पहिल्या गोऱ्या वॉर्डनला, स्टीव्हन्सन-हॅमिल्टनला, स्थानिक लोकांनी दिलेलं. झाडून साफ करणारा, सगळं उलथंपालथं करणारा असे त्याचे अर्थ सांगतात. १९०२ साली तो आला आणि जनावरांसाठी राखलेल्या जागेतून त्यानं माणसं बाहेर काढली. लोकांनी शिव्यांऐवजी नाव दिलं आणि सरकारनं ते नाव अभिमानानं तळाला लावलं. पर्यटक त्या पाटीखालीही फोटो काढतात.

त्याच्या कितीतरी वर्षांनंतर, १९६९ साली, उद्यानाच्या उत्तर टोकाला पाफुरी भागात राहणाऱ्या मकुलेके लोकांची पाळी आली. बंदुकीच्या धाकावर त्यांना आपली घरं आपल्याच हातानं पेटवायला लावली. सगळ्या जमातीला दक्षिणेला दूर नेऊन सोडलं आणि त्यांची जमीन उद्यानात घातली. वर्णभेद संपल्यावर या लोकांनी जमिनीवर दावा लावला. १९९८ साली निकाल लागला आणि वीस हजार हेक्टरांहून अधिक जंगल मकुलेकेंच्या सामाईक मालकीचं झालं. मग त्यांनी काय केलं? तिथं नांगर घातला नाही. शेती, खाण, वस्ती करायची नाही असा करार त्यांनी उद्यानाशी केला, जंगल जनावरांना ठेवलं, आणि लॉजवाल्यांना जागा भाड्यानं दिली. भाडं मकुलेकेंकडं येतं. त्या करारातही भांडणं आहेत, सगळं गोड नाही. पण कागदावर मालक कोण, हा प्रश्न तिथं मिटला. आपल्या भाषेत सांगायचं तर जंगलाचा सातबारा त्यांच्या नावावर झाला.

आता या साताऱ्यात या.

"आपल्याकडं असलं काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर कराडहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१० साली जाहीर झालेला, महाराष्ट्रातला चौथा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेला, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. गवे आहेत, अस्वलं आहेत, रानकुत्र्यांचे कळप आहेत, बिबटे आहेत, शेकरू आणि धनेश आहेत. कोयना, चांदोली आणि कास ही तिन्ही नावं २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. २०१८ साली इथं कॅमेऱ्यात वाघ सापडला, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा सापडला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली. म्हणजे ग्रुपवरचे वाघ आफ्रिकेत सिंह शोधत होते तेव्हा खरी वाघीण त्यांच्या घराशेजारी होती.

पण मला टुरिझमची जाहिरात करायची नाही. जे स्कुकुझात झालं ते इथंही झालंय, आणि ते मला पुस्तकातून कळलेलं नाही.

आमचे अब्बा कल्हईवाले होते. दिवाळी झाली की भाता, कथलाच्या कांड्या आणि नवसागराची पुरचुंडी सायकलला बांधून वारणेच्या खोऱ्यात निघायचे. चरण, आरळा, मणदूर. मणदूरला सायकल ठेवायची आणि पुढं डोंगरातली गावं पायी, झोळंबी, गोठणे, रुंदीव. सुट्टीत मीही दोन वर्षं गेलो होतो. गावाच्या तोंडाशी खड्डा खणायचा, भाता लावायचा, आणि बायका पितळेची भांडी घेऊन यायच्या. पैसे क्वचितच मिळायचे. भात, नाचणी, कधी मधाची बाटली. रात्री कुणाच्या तरी पडवीत मुक्काम. अब्बांना नमाजाला जागा लागते म्हणून एका घरातली म्हातारी आधी पडवी सारवून ठेवायची. याला आजकाल 'सलोखा' म्हणतात आणि त्यावर परिसंवाद घेतात. तेव्हा त्याला काही नाव नव्हतं.

१९८५ साली चांदोली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. खाली वारणेच्या धरणाचं पाणी, वर अभयारण्याची हद्द. मधली गावं एकेक करून उठली. कोयनेच्या बाजूची कहाणी याहून वाईट, कारण तिथल्या कित्येक कुटुंबांना आधी कोयना धरणानं उठवलं होतं. काहीजण सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडं पांगले. काही पाण्याच्या वर सरकून डोंगराला चिकटून राहिले. १९६७ चा भूकंप त्यांनी तिथंच सोसला. मग १९८५ साली त्याच डोंगराचं अभयारण्य झालं. ज्या धरणाच्या विजेवर मुंबई-पुण्याचे दिवे लागले, त्याच्या काठच्या वाड्यांत रस्ता करायचा तर जंगलाचा कायदा आडवा. या लोकांसाठी श्रमिक मुक्ती दलानं आणि डॉ. भारत पाटणकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. कोयनानगरला माणसं आठवडेच्या आठवडे उघड्यावर ठिय्या देऊन बसली, चांदोलीची माणसं कोल्हापुरात बसली. मागणी काय होती? जी जमीन देतो म्हणून उठवलं, ती द्या. पहिली पिढी हे ऐकत म्हातारी झाली, दुसरी नोकरी शोधत मुंबईला गेली, तिसरी आता आंदोलनात बसते.

अब्बांच्या इंतकालानंतर मी वाळवा तालुक्यातल्या एका वसाहतीत गेलो होतो, शाळेच्या कामानं. बोलता बोलता कळलं, ही डोंगरातली माणसं. मी अब्बांचं नाव सांगितलं, तशी एक म्हातारी पुढं आली. पितळेची एक हंडी दाखवली. कल्हई कधीच उडालेली, त्यात तुळस लावलेली. गावाकडं जाता का, विचारलं. म्हणाली, "माज्याच द्येवीला जायाला मला चिठ्ठी लागती, लेका." गाव राहिलं नाही, देऊळ राहिलंय. ते उद्यानाच्या आत आहे, म्हणून परवानगी. डिस्ट्रिक्ट सिक्सची मशीद आणि या बाईची देवी, मला वेगळी वाटत नाहीत. फरक एवढाच, की खालूंना जुम्म्याला चिठ्ठी लागत नाही.

यावर सुशिक्षित मित्रांचं उत्तर ठरलेलं असतं: "अरे, माणसं हलली म्हणून तर जंगल वाढलं, वाघ आला." हे मी नाकारत नाही. चांदोलीत आज गव्यांचे कळप जिथं चरतात ती बरीचशी कुरणं म्हणजे उठलेल्या गावांची जुनी भातखाचरं आहेत. म्हणजे आपल्या वाघाचं भक्ष्य ज्या गवतावर पोसतं ते गवत या माणसांच्या रानात उगवतं. मग देणं वाढतं की कमी होतं? घर विकत घेतलं आणि पैसे बुडवले, तर 'पण घर किती छान दिसतंय बघा' असं आपण विकणाऱ्याला सांगतो का? कायदाही या माणसांच्या बाजूला आहे. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेली दुरुस्ती असं सांगते, की आधी हक्क ठरवा, मग संमती घ्या, मग पुनर्वसन करा, आणि मग माणूस हलवा. आपल्याकडं हा क्रम शेवटून सुरू झाला.

दुसरं उत्तर आपल्या समाजातून येतं. एकानं मला फोनवरच सुनावलं, "सर, आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, भाड्यानं घर मिळत नाही, आणि तुम्ही गव्याचं नि वाघाचं काय घेऊन बसलात?" त्याचा राग मला कळतो. पण हा विषय आपला नाही असं कुणी ठरवलं? या देशाला पक्षी बघायला शिकवणारे सालिम अली मुंबईचे, आणि सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा अभ्यास अलिबागजवळच्या किहीमचा. शिवाय आपल्या परंपरेत 'हिमा' नावाची गोष्ट आहे, म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी राखलेलं कुरण. मदिनेभोवतीची झाडं तोडायची नाहीत, तिथं शिकार करायची नाही, हा नियम पैगंबरांच्या काळचा. मला त्यातली खलिफा उमर यांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हदीसच्या संग्रहात ती आहे. सरकारी हिमावर त्यांनी राखणदार नेमला आणि त्याला ताकीद दिली, की ज्याच्याकडं थोडीच उंटं, थोड्याच शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे, पण बड्या मालकांचे कळप आत घेऊ नकोस. बडे कोण, तर त्यांनी नावं घेतली, उस्मान इब्न अफ्फान आणि अब्दुर्रहमान इब्न औफ. दोघेही थोर सहाबी. कारण साधं दिलं: त्यांची जनावरं मेली तर त्यांच्याकडं बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो पोरंबाळं घेऊन माझ्याच दारात येईल. आणि ही जमीन मूळची याच लोकांची आहे, तिच्यासाठी ते लढले आहेत, हेही त्यांनी राखणदाराला सुनावलं.

चौदाशे वर्षांपूर्वी राखलेल्या रानाच्या फाटकावर कुणाला अडवायचं आणि कुणाला सोडायचं, याचा इतका सरळ विचार एका राज्यकर्त्यानं केला. आज आपलं फाटक उलटं उघडतं. जीप करून येणाऱ्याला तिकीट मिळतं, शेळ्या घेऊन येणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. मकुलेके, कोयना, चांदोली, सगळीकडं आधी हे फाटक लागलं.

आता वाघीण आली म्हटल्यावर सफारी वाढणार. जिप्सी येतील, रिसॉर्ट येतील, ग्रुपवरचा बिल्डरही येईल. त्यानं आत्ताच बफरमधल्या जमिनीचा भाव विचारलाय. कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीच्या जमिनी बाहेरच्यांच्या नावावर झाल्याचं प्रकरण २०२४ साली गाजलं, ते विसरू नका. जंगलाकाठच्या गावकऱ्याला मग काय मिळेल? फार तर गाइडचा गणवेश आणि रिसॉर्टच्या दारावरची सलामी. त्याच्या आजोबाच्या रानातले गवे तो पाहुण्यांना दाखवील आणि टीप घेईल.

असंच व्हायला पाहिजे असं नाही. साताऱ्यातच कास पठारावर फुलांच्या हंगामात कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांची समिती फाटक सांभाळते, शुल्क घेते, गर्दी आवरते. तिथंही तक्रारी आहेत, पण पावती गाव फाडतं. गडचिरोलीत मेंढा-लेखानं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, त्यालाही वर्षं झाली. सह्याद्रीत सफारीची पहिली नवी जीप सुटण्याआधी उठवलेल्या प्रत्येक कुटुंबाचा जमिनीचा हिशोब पूर्ण झाला पाहिजे. फाटकावरच्या पैशात त्यांचा वाटा कायद्यानं लिहिला गेला पाहिजे, मेहेरबानी म्हणून नाही. आणि उठलेल्या गावांच्या माणसांना आपल्या देवळाला, आपल्या कबरीला जायला चिठ्ठी लागता कामा नये. यातलं काहीही वाघिणीच्या वाटेत येत नाही.

आफ्रिकेला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मीच जाऊन आलोय. पण साडेतीन लाख खर्चून गेलात, तर तिथून नुसती सिंहाची आयाळ आणू नका. पाफुरीच्या मकुलेकेंचं लॉज बघा, भाडं कुठं जातं ते विचारा, आणि ते इथं येऊन जिल्हाधिकाऱ्यांना सांगा. डॉक्टरांचं, बागायतदारांचं म्हणणं साहेब लोक ऐकतात. वसाहतीतल्या म्हातारीचं ऐकत नाहीत.

एवढं सगळं मी थोडक्यात त्या ग्रुपवर लिहिलं. दोघांनी अंगठा दिला. बिल्डरनं ग्रुप म्यूट केला असावा. हळदीच्या व्यापाऱ्यानं मात्र रात्री वेगळा मेसेज करून विचारलं, की त्याच्या आईचं माहेर गोठण्याचं होतं आणि ते आता कुठल्या वसाहतीत आहे हे कळेल का. मी शोधतोय. आणि एका डॉक्टरनं विचारलं, चांदोलीत सिंह आहेत का?

नाहीत, असं कळवलंय.